सतरा जणांची हजेरी

पुंडलिकराव गावंडे यांचा जबलपुरात आता कोणी शत्रू उरला नव्हता. जे होते ते एकतर वर गेले होते, नाहीतर मुलांकडे पुण्याला. एकोणचाळीस वर्षं त्यांनी संरक्षण खात्याच्या कारखान्यात हजेरीबाबू म्हणून नोकरी केली. सकाळी फाटकाशेजारच्या खिडकीत बसायचं, भोंगा झाला की घड्याळाकडे बघायचं, आणि तीन मिनिटं उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापायचा, एवढंच ते काम. पण लोक देवपूजासुद्धा इतक्या निष्ठेने करत नाहीत. सख्ख्या मेव्हण्याचा, बंडूचा अर्धा दिवस त्यांनी बंडूच्याच साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी कापला. एकदा सायकल पंक्चर झाली म्हणून स्वतःच चार मिनिटं उशिरा पोचले, तर स्वतःच्या नावापुढे स्वतःच लाल पेन्सिल ओढली आणि दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. बंडू म्हणायचा, "भाऊजी मेले न, तर यमाच्या रेड्यालाही विचारतील, उशीर काहून झाला?"

अशा माणसाच्या गळ्यात देवाने सत्यभामाबाई बांधल्या. त्या जन्मालाच दहा दिवस उशिरा आल्या होत्या, असं त्यांची आई सांगायची. लग्नात मुहूर्त टळून गेला तरी बांगड्या भरत बसल्या होत्या. चेरीतालच्या घरातून भाजी आणायला निघाल्या, की वाटेत चार दारांशी थांबून चौकशा करायच्या, दोघांची भांडणं सोडवायच्या, आणि परत यायच्या तेव्हा पुंडलिकराव दारात घड्याळ घेऊन उभे. "आलात? किती वाजले?" असं ते विचारायचे. "तुमच्या हातात घड्याळ आहे न, मला काहून विचारता?" असं म्हणून त्या आत जायच्या.

दोघांची संध्याकाळ जायची ती स्नेही सभेत. बडा फुहाऱ्याजवळच्या जुन्या बाजारात सभेची दुमजली इमारत होती. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते तेव्हाची. छप्पन्न साली राज्यांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि सभेतल्या वऱ्हाडी मंडळींना एका सकाळी कळलं की आपण परराज्यात राहून राहिलो. त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पुढच्या वर्षी गणपती तेवढा एक हात मोठा आणला.

पुंडलिकराव सभेचे चिटणीस झाले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर हजेरीचं रजिस्टर आणलं. संध्याकाळी गप्पा मारायला, पेपर वाचायला, पत्ते कुटायला सतरा माणसं नेमाने यायची, त्यांची हजेरी. बरोबर साडेपाचला रजिस्टर बंद. आला त्याला ह, न आला त्याला गै, आणि पाचनंतर, बंद होण्याआधी धापा टाकत पोचला त्याला उ, म्हणजे उशिरा. लोकांनी डोक्याला हात लावला. सतरातलेच एक, भाऊराव म्हणाले, "पुंडलिक, आम्ही पेन्शनीत निघालो रे बाबा, आता तरी सोड." पण पुंडलिकरावांनी सोडलं नाही, आणि हळूहळू लोकही साडेपाचच्या आत यायला लागले. सत्यभामाबाईंच्या नावापुढे उ शिवाय दुसरं अक्षर क्वचितच पडलं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एक दिवस त्या पाच वाजून तेहतीस मिनिटांनी आल्या. हातात सांबारवडीचा डबा. सकाळपासून कोथिंबीर निवडून, चिरून, तळून, सतरा जणांना पुरेल एवढ्या वड्या त्यांनी केल्या होत्या. डब्याच्या वासाने सगळ्यांच्या माना वळल्या. पण रजिस्टर तीन मिनिटांपूर्वी बंद झालं होतं आणि त्यात सत्यभामाबाईंपुढे गै पडला होता.

"अरे, आल्या न त्या. उ कर," भाऊराव म्हणाले.

"रजिस्टर बंद झालं," पुंडलिकराव म्हणाले.

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग रजिस्टरकडे, मग डब्याकडे. "ठीक आहे. मी आलीच नाही. मग गैरहजर बाईच्या हातची वडी कोणी काहून खावी?" एवढं बोलून त्या डबा घेऊन तशाच परत गेल्या. उरलेल्या पंधरा जणांनी त्या संध्याकाळी पुंडलिकरावांना जे काही ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊरावांनी तर डब्याच्या मागे अर्ध्या रस्त्यापर्यंत धाव घेतली.

त्यानंतर सत्यभामाबाई सभेत फिरकल्या नाहीत. "मी गैरहजर आहे," असं म्हणायच्या आणि हसायच्या. पुंडलिकरावांना वाटलं, आठ-दहा दिवस चालेल हे, मग येईल. नवव्या दिवशी पहाटे मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि त्या गेल्या. आयुष्यात त्या एकाच ठिकाणी वेळेआधी पोचल्या.

कारखान्याचा नियम असा, की माणूस गेला की हजेरीपटावरून नाव कमी करायचं. पुंडलिकरावांनी ते कमी केलं नाही. त्या नावापुढची चौकट ते रोज रिकामी सोडत गेले. भाऊराव ती चौकट बघायचे आणि पत्ते पिसायला घ्यायचे.

पुढच्या वर्षी सभेला नोटीस आली. जागा सरकारी, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. बाजारातली दुकानं उठून शहरातल्याच गोरखपूर भागाकडे चालली होती, जुन्या इमारतींना कुलपं लागत होती, आणि सरकारने विचारलं होतं, की तुमचं भवन उपयोगात आहे की बंद आहे, ते कळवा. तोपर्यंत सतरा जणांतले सहाच येत होते. पुंडलिकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात एखाद्या विभागात पंधरापेक्षा कमी माणसं उरली की तो विभाग मोडून दुसऱ्यात मिसळून टाकत. हे असे किती विभाग मोडताना त्यांनी खिडकीतून बघितले होते. सहा माणसांवर सभा कशी वाचणार?

त्यांनी उत्तर पाठवलं, "भवन रोज उघडते." आणि सोबत रजिस्टरची नक्कल जोडली. त्या नकलेसाठी, आयुष्यात पहिल्यांदा, हजेरीबाबू पुंडलिक गावंडे यांनी न आलेल्या माणसांपुढे ह लिहिला. पहिला ह सत्यभामाबाईंच्या नावापुढे लिहिला. अक्षर चांगलं आलं.

एकदा लिहिलं की रोज लिहिणं आलं. सरकार कधी तपासायला येईल काय सांगावं? अकरा वर्षं ते रोज सायकलने सभेत आले, दिवा लावला, पेपर वाचला आणि सतरा जणांची हजेरी भरली. खोटं लिहायचं तर तेही नीटच लिहायचं, हा त्यांचा स्वभाव. भाऊराव जिवंत असताना सोमवारी यायचे नाहीत, म्हणून मेल्यावरही सोमवारी त्यांना गै. शकुबाई एकादशीला साबुदाण्यापायी उशिरा यायच्या, म्हणून दर एकादशीला उ. रामराव मे महिन्यात अमरावतीला जायचे. ते वारल्यावरही दर मे महिन्यात त्यांची रजा लागायची. पंधराच्या खाली आकडा कधी जाऊ दिला नाही. आणि सत्यभामाबाई? त्या मेल्यानंतर अकरा वर्षांत एकदाही उशिरा आल्या नाहीत.

मात्र खरं कुठेच न लिहिणं काही त्यांना जमलं नाही. म्हणून पानाच्या अगदी तळाशी, बारीक पेन्सिलीने, खरोखर कोण आलं ते ते लिहून ठेवत. आधी सहा नावं असायची, मग चार, मग दोन. भाऊराव गेल्यापासून तिथे नुसता एक आकडा यायचा. एक, एक, एक.

दोन हजार अठरा साली महापालिकेने योजना काढली. ओस पडलेल्या जुन्या बाजाराला पुन्हा जाग आणायची. पाच वर्षं रिकाम्या पडलेल्या इमारती दुरुस्त करायला सरकार पैसे देणार, अट एवढीच की पुढे त्या लोकांसाठी खुल्या ठेवायच्या. सभेचं छप्पर तेव्हा अशा अवस्थेत होतं, की पावसाळ्यात पुंडलिकराव छत्री उघडून पेपर वाचत. एक पावसाळा निघाला असता, दुसरा नक्कीच नाही.

ही बातमी आणली विनीताने. भाऊरावांची नात, नकाशे काढायचं शिकलेली, तिचे वडील रत्नाकर यांचं गोरखपूरला चष्म्याचं दुकान. पोरीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायला गेली की दोन शब्दांनी गाडी हिंदीच्या रुळावर जायची. तिने अर्ज भरला, नकाशे काढले, फोटो जोडले. अर्जात लिहिलं, भवन पाच साल से खाली है. आणि भवनाचं ऐतिहासिक महत्त्व दिसावं म्हणून, कपाटात सापडलेली सगळी जुनी रजिस्टरं कौतुकाने सोबत जोडली. आत उघडून बघितलं नाही. जाड कव्हर, जुनं अक्षर, बस, इतिहास झाला.

हे ऐकलं तेव्हा पुंडलिकराव खुर्चीत बसले ते बसलेच.

"काय झालं आबाजी? कुछ गलत किया क्या मी?"

"नाही बेटा," ते म्हणाले. "तू काहून करशील?"

चार दिवसांनी फोन आला, की मॅडम तपासणीला येऊन राहिल्या. ते चार दिवस पुंडलिकरावांना अन्न गोड लागलं नाही. रजिस्टर खरं आहे म्हणावं, तर सभा रिकामी नाही, मग पैसे नाहीत, आणि पुढच्या पावसात छप्पर खाली. रजिस्टर खोटं आहे म्हणावं, तर अकरा वर्षं सरकारला फसवलं, मग पट्टाच रद्द. दोन्हीकडून सभा जात होती आणि दोन्हीकडून ती त्यांच्याच हाताने जात होती. ज्या माणसाने तीन मिनिटांसाठी लोकांच्या पोटावर पाय दिला, त्याला या वयात लाज वाटायची सवय नव्हती. आता ती एकदम सगळीच वाटायला लागली.

तपासणीला आलेल्या बाईंचं नाव अंजनी दुबे. पन्नाशीच्या, गळ्यात चष्मा, हातात दोन फायली, सोबत अर्जाला जोडलेल्या रजिस्टरांचा गठ्ठा, आणि चेहरा असा की दिवसभरात हे सातवं पडकं घर आहे. खोलीत खुर्च्या चारच होत्या. त्यातल्या एकीवर कबुतराने आपला हक्क सांगितला होता. बाई दुसरीवर बसल्या आणि टेबलावरचं चालू रजिस्टर उघडलं.

"गावंडेजी, ये भाऊरावजी कौन हैं?"

"सदस्य," पुंडलिकराव म्हणाले.

"कल आए थे?"

विनीता मध्येच म्हणाली, "मॅडम, भाऊराव तो मेरे दादाजी थे. उनको गए नौ साल हो गए."

"अच्छा? लेकिन कल तो आए थे. सोमवार को नहीं आए." बाईंनी पान उलटलं. "पिछले सोमवार को भी नहीं."

विनीता रजिस्टरवर वाकली. तिचं बोट नावांवरून फिरत गेलं. मग ती हळूच म्हणाली, "आबाजी, दादाजी काल येऊन गेले?"

पुंडलिकराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. समोरच्या दुकानाला चार वर्षांपासून कुलूप होतं.

"कल पंद्रह लोग थे," बाई म्हणाल्या. "चार कुर्सियों पर. और ये नीचे पेन्सिल से क्या है? एक, एक, एक…" त्या पानं मागे मागे उलटत गेल्या. "ये एक कौन है?"

पुंडलिकराव उभे राहिले. कारखान्यात साहेबांपुढे उभे राहायचे तसे, हात बाजूला सरळ.

"मी," ते म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "मैं हूँ. बाकी सब झूठ है, मॅडम. बारा लोग मर गए, चार बाहर गए, पुना, बंगलोर. मैंने झूठी हाजिरी लगाई. जो करना है मेरा करो. सभा का कुछ मत करो."

विनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःचाच राग आला होता, की हा म्हातारा नऊ वर्षं एकटा इथे येऊन बसत होता आणि आपण इतिहास म्हणून त्याची रजिस्टरं जोडली.

अंजनीबाई मात्र शांतच होत्या. त्यांनी दुसरी फाईल उघडली, पट्ट्याची. नोटीस काढली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "इसमें पूछा है, भवन उपयोग में है या बंद है. कितने आदमी आते हैं, ये किसने पूछा?"

पुंडलिकराव नोटिशीवर वाकले.

"आपका जवाब भी है. भवन रोज खुलता है. रोज खुलता था न?"

"रोज."

"तो सच लिखा है. जो नकल आपने लगाई थी, वो तो फाइल में है ही नहीं. दीमक खा गई होगी." बाईंनी कागद झटकला, तशी थोडी वाळवीची माती खाली पडली. "पट्टे के लिए एक आदमी भी बहुत है."

"आणि… और आपकी योजना?"

"हमारी योजना में पाँच से कम लोग आते हों तो भवन खाली माना जाता है."

पुंडलिकरावांना हे समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे मैं हूँ, कि नहीं हूँ?"

"पट्टे में हैं," बाई म्हणाल्या. "योजना में नहीं हैं."

अकरा वर्षं, रोज सतरा नावं, एकादशीचे हिशेब, रामरावांच्या रजा, आणि कोणी विचारलंच नव्हतं. कारखान्यातला पंधराचा नियम कारखान्यात राहिला होता, तो त्यांनी एकट्याने सायकलवरून इथे आणला होता. विनीताला आधी हसू आलं, मग आजोबांचा सोमवारचा गै आठवून ती जास्तच हसायला लागली, आणि शेवटी अंजनीबाईही चष्मा पुसायला लागल्या. पुंडलिकराव तेवढे हसले नाहीत.

"एक काम करना होगा," बाई म्हणाल्या. "इन सत्रह लोगों की सूची बना दीजिए. कौन आखिरी बार सचमुच किस तारीख को आया. आपकी पेन्सिल से बन जाएगी. दस्तखत आपके." मग त्यांनी पुन्हा एकदा पानं चाळली. "और ये सत्यभामा जी? सब छुट्टी लेते हैं, लेट होते हैं. ये अकेली हैं जो ग्यारह साल में एक दिन लेट नहीं हुईं. बड़ी पाबंद थीं?"

"मेरी घरवाली," पुंडलिकराव म्हणाले. "पाबंद नाही होती."

त्यांनी तिथेच बसून यादी करायला घेतली. पंधरा नावं भराभर झाली. भाऊराव, शकुबाई, रामराव, एकेकाची शेवटची खरी तारीख पेन्सिलीच्या ओळीत होती. स्वतःपुढे आजची तारीख घातली. सत्यभामाबाईंसाठी मात्र गठ्ठ्यातून दोन हजार सहाचं जुनं रजिस्टर काढावं लागलं, ज्यात सगळंच खरं होतं. तो दिवस सापडला. त्यांच्याच नेटक्या अक्षरात, सत्यभामाबाईंपुढे गै. त्याच्या आदल्या दिवशी उ. नियमाप्रमाणे त्यांची शेवटची हजेरी आदल्या दिवसाची.

पुंडलिकराव बराच वेळ त्या अक्षराकडे बघत बसले. अकरा वर्षं खोट्या नोंदी करताना त्यांनी मनाची समजूत घातली होती, की जुनं रजिस्टर तरी स्वच्छ आहे. आणि हे काय होतं? बाई आली होती. दारात उभी होती, हातात डबा होता, पंधरा जणांनी तिला बघितलं होतं, वास सगळ्या खोलीत पसरला होता. आणि त्यांनी लिहिलं होतं की आली नाही.

त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली. ती अजून खिशात असायची. गै वर एक सरळ रेघ ओढली, बाजूला उ लिहिला, त्याच्यापुढे ५.३३ लिहिलं आणि शेजारी आद्याक्षरं घातली. केलेली नोंद बदलायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. मग यादीत ती तारीख लिहिली आणि खाली सही केली.

अंजनीबाईंनी कागद घेताना ते रजिस्टर बघितलं. "ये काटा क्यों है?"

"गलती थी."

"किसकी?"

"बाबू की," पुंडलिकराव म्हणाले.

सरकारी पैसा सरकारी चालीने आला, म्हणजे दीड वर्षाने आणि तीन तुकड्यांत. छप्पर नवीन झालं. कबुतरं समोरच्या कुलूपबंद दुकानात गेली. विनीताने वर अभ्यासिका काढली, खाली हॉल. संध्याकाळी मुली नाच शिकायला येतात, बँकेतली दोन पोरं गाणं बसवतात, आणि विनीता चार जणांना मराठी बोलायला लावते, ज्यात ती स्वतःही आहे. खालच्या एका खोलीत पुंडलिकराव बसतात, पुढ्यात नवं रजिस्टर. त्यात आता खरीच माणसं असतात, कधी चाळीस, कधी साठ. पाच वाजून गेल्यावर कोणी आलं की पुंडलिकराव घड्याळाकडे बघतात आणि समोरचा घाबरतो. काही बदललं नाही.

एकच गोष्ट नव्या मुलांना कळत नाही. सभेच्या भिंतीवर नियमांचा फलक आहे, पुंडलिकरावांच्या अक्षरातला. त्यात लिहिलंय, हजेरी सायंकाळी पाच वाजून तेहतीस मिनिटांनी बंद होईल. परवा एका मुलीने विचारलं, "आबाजी, साढ़े पाँच क्यों नहीं? तेहतीस काहून?"

"नियम आहे," पुंडलिकराव म्हणाले, आणि तिच्या नावापुढे उ लिहिला.